इमारत सील करताना आतल्या चुलीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोपरखैरणे येथे आमच्या शेजारच्या इमारतीत गेल्या आठवड्यात करोनाचा रुग्ण सापडला आणि त्याच संध्याकाळी प्रवेशद्वाराला बांबू व पत्रे लागले. संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र आतल्या कुटुंबांना दूध, भाजी आणि रोजची औषधे कोणी पोहोचवायची, हे ठरेपर्यंत तीन दिवस गेले. गुढीपाडव्याला, म्हणजे २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली तेव्हा सारेच नवीन होते. आता जुलै २०२० उजाडला असून शहर पुन्हा कडक टाळेबंदीत आहे, तरीही प्रत्येक इमारतीने हा धडा नव्याने गिरवावा, याचे फार वाईट वाटते.

त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. मुलगा परगावी अडकलेला, स्मार्टफोन वापरता येत नाही, त्यामुळे मोबाइलवरून किराणा मागवण्याची सोय त्यांच्यासाठी नसल्यातच जमा. ते तीन दिवस त्यांनी भात आणि मेतकुटावर काढले. केशरी शिधापत्रिकाधारकांना मे व जून महिन्यांसाठी माणशी ३ किलो गहू ८ रुपये आणि २ किलो तांदूळ १२ रुपये किलो दराने देण्याचा शासनाचा निर्णय स्वागतार्हच होता, परंतु जिना उतरून, रांगेत उभे राहून, पिशवी उचलून आणण्याची ज्याच्यात ताकद नाही किंवा ज्याला दाराबाहेर पडण्याचीच मनाई आहे, त्याच्या डब्यात ते धान्य पडणार कसे? या काळात आजी मला दुपारी दोन-तीनदा फोन करून किती वाजले ते विचारत. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना वेळ नको होती, माणसाचा आवाज हवा होता, हे मला जरा उशिराच उमगले.

अखेर मदतीला आले ते आमच्याच गल्लीतील एक माथाडी कामगार. वाशीच्या बाजार समितीत पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर वाहून घरी परतताना ते कांदे-बटाटे आणि पीठ घेऊन येत. वरून सोडलेल्या दोरीला ती पिशवी बांधून देत. ११ ते १७ मे या काळात बाजार समितीचे आवार बंद होते, तेव्हा भाजीसाठी आपली काय तारांबळ उडाली, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. असे असताना, बाजारात कामाला जातात एवढ्याच कारणावरून त्यांच्या सोसायटीतील काही रहिवाशांनी त्यांना काही दिवस दुसरीकडे राहण्यास सांगितले. मुखपट्टीचा, हात धुण्याचा, अंतर राखण्याचा आग्रह जरूर धरावा. पण ज्याने आणलेला कांदा आपण चिरतो, त्याला जिना चढू द्यायचा नाही, हे मला अत्यंत लाजिरवाणे वाटते.

माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे की, इमारत बंद करण्याच्या आदेशासोबतच त्या भागातील एक दूधवाला, एक भाजीवाला, एक किराणा दुकानदार आणि एक औषध दुकानदार नेमून त्यांचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत दारावर लावावेत, तसेच बंद इमारतीतील रहिवाशांना रास्त भाव दुकानाचे धान्य दारापर्यंत पोहोचवावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी सोसायट्यांनी आजच करून ठेवावी आणि त्यांना दिवसातून एकदा फोन करण्याचे काम कोणा एकाकडे नावानिशी सोपवावे. कोणीतरी करेलच, या भरवशावर ते होत नाही.

शेजारचे पत्रे येत्या बुधवारी निघतील, असे सांगण्यात आले आहे. काल आमच्या मागच्या गल्लीत आणखी एक इमारत बंद झाली असून तेथे दूध कोण देणार, हे आज सकाळपर्यंत ठरलेले नव्हते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोपरखैरणे, नवी मुंबई