वायरमनची अप्रेंटिसशिप घराच्या वायरिंगवर का होत नाही?

माननीय संपादक,
स.न.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळावा म्हणून पालकांची धावपळ सुरू होते. मी लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, घरांची वायरिंगची कामं घेतो, त्यामुळे ही पोरं पुढे कुठे जातात ते रोज बघतो. दोन वर्षं आयटीआय, मग अप्रेंटिसशिप. ती बहुतेक एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत नाहीतर महावितरणमध्ये. तिथे पॅनल, मोटर, लाईन शिकायला मिळते, चांगलंच आहे ते. पण घराची वायरिंग कुठेच शिकवत नाहीत, आणि सगळ्यात जास्त माणसं राहतात ती तर घरातच ना.

मग घरांची कामं करतं कोण, तर हेल्पर. आधी भिंत फोडून पाईप गाडायचे, मग वायर ओढायची, मग एक दिवस मिस्त्री दुसऱ्या साईटवर गेला की बोर्ड भरायचा. कष्टाळू असतात ही पोरं, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, पण मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, हातात कुणी दिलेलाच नसतो. मागे एका घरात फिटिंग बदलायला बोलावलं होतं, स्विच बंद केला, दिवा विझला तरी होल्डरवर टेस्टर पेटतोय, म्हणजे करंट आहेच, कारण स्विच फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर, न घालता परतीच्या न्यूट्रलवर घातलेला. गीझरच्या सॉकेटला अर्थिंगची हिरवी वायर आलेली पण पिनला न जोडता कापून मागे खोचून दिलेली. त्या घरात लहान मुलं होती हो. आणि मीटर घेताना वायरिंग तपासून ठीक असल्याचा टेस्ट रिपोर्ट कुणीतरी कॉन्ट्रॅक्टरने सही करून दिलेलाच असणार, साईटवर न येता सही देणारे आहेत आमच्यात, हे बोलायलाच पाहिजे.

नियम नाहीत असं अजिबात नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवे, पंखे, फ्युज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंग लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायची, सुपरवायझरच्या देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडे परमिट पाहिजे. पण परमिटवाली माणसं तयार कुठून होणार? अप्रेंटिस कायदा 1961 चा, 2019 च्या बदलानंतर 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक, आणि चारपेक्षा कमी असतील तर घेताच येत नाहीत. घरांची कामं करणारे आम्ही बहुतेक दोन-तीन माणसांचे. म्हणजे जिथे काम शिकायला मिळतं तिथेच दार बंद, आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं राबलेल्या पोराच्या हातात कागद काहीच नाही.

माझी मागणी एवढीच की चालू लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरला, माणसं कितीही असोत, किमान एक अप्रेंटिस रीतसर नोंदवू द्या. सरकार स्टायपेंडच्या 25 टक्के, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत देतंच, ते आम्हालाही लागू करा, बाकीचे आम्ही देऊ. आणि अप्रेंटिसने केलेल्या घरांपैकी काही घरं विद्युत निरीक्षकांच्या माणसाने मेगर आणि अर्थिंगचं रीडिंग घेऊन तपासावीत, त्याशिवाय सर्टिफिकेट देऊ नका, त्यात आमची चूक निघाली तर आमच्या लायसन्सवर शेरा मारा.

आपला वाचक,
एक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, सांगली