'तपासलेली' म्हणून विकलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, शस्त्रविक्री विभाग

महोदय,

आपल्या नागपूर शाखेतून मी .३२ बोअरची, मधून मोडून उघडणारी जुनी रिव्हॉल्व्हर घेतली. बिलावर 'तपासलेली, यंत्रणा उत्तम' असा आपलाच शेरा आहे. वरचे ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) नवेकोरे केले आहे, पण आतला माल थकलेला आहे.

माझी नोकरी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत, तपासणी खात्यात झाली. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घरात आहेच. गोळ्यांची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री करून सिलिंडरवर, म्हणजे ती घरे असलेल्या फिरत्या भागावर, अंगठ्याचा हलका दाब ठेवला आणि हॅमर (गोळीवर आघात करणारा मागचा भाग) सावकाश ओढला. हॅमर पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर जागेवर अडकायला हवा. दोन घरांवर तो अडकत नाही. बोटाने पुढे ढकलला की मग 'टक्' होते. अशा वेळी गोळी सुटली तर घर आणि नळी एका रेषेत नसतात, शिसे तासले जाते आणि फटीतून बाजूला उडते. रेंजवर बाजूला माणसे उभी असतात, साहेब.

सिलिंडर मागेपुढेही हलतो. मागे दाबून धरला, तर नळी आणि त्याच्यामधल्या फटीत ०.३५ मिमीची पट्टी सहज जाते. ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिमी असावी. वरचा लॅच (हत्यार मिटलेले ठेवणारी कडी) बंद असतानाही नळी बिजागरीवर खटखटते.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. चढवलेला हॅमर मागून अंगठ्याने रेटला, तर ट्रिगरला हात न लावता खाली पडतो. एकतर सीअर, म्हणजे चढवलेला हॅमर अडवून धरणारा खटका, झिजला आहे, नाहीतर ट्रिगर हलका करायला कोणीतरी तो घासला आहे. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या पाहता मला ही दुसरी शक्यताच खरी वाटते.

दुकानात सांगितले, तर 'जुन्या मालाला गॅरंटी नसते, हवी तर स्प्रिंग बदलून देतो.' स्प्रिंग बदलून सिलिंडरचे झिजलेले दाते भरून येतात का? आणि गॅरंटी मी मागितलीच नव्हती. शेरा तुम्ही लिहिला, त्याच भरवशावर पैसे मोजले.

तरी हत्यार परत घेऊन पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत द्यावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. हत्यार जमा केल्याची पावतीही सोबत द्यावी. परवान्यावरची नोंद कमी करायला पोलीस आयुक्त कार्यालयात ती दाखवायची आहे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक, नागपूर