आई, गोळ्यांचा डबा तूच भर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तीन वेळा फोन लावला आणि तिन्ही वेळा बाबांच्या पायांची सूज आणि दादाची बदली एवढंच बोलून ठेवला. म्हणून लिहितेय. आधी मुख्य गोष्ट सांगते, नाहीतर पुन्हा राहून जाईल. मी त्या प्रयोगशाळेतली जागा घेतली आहे. होकार कळवून आठ दिवस झाले. तीन वर्षांसाठी जाते आहे, इथलं हॉस्पिटलचं काम महिनाअखेरीस सुटेल.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर बाबा लगेच "जा" म्हणाले असते आणि आई, तू रात्रभर कूस बदलत राहिली असतीस. ते मला सोसलं नसतं.

बाबा, तुम्ही दिवाणखान्यात विचारलं होतंत, "एमडी झालीस ती पेशंट बघायला की प्रथिनांचे फोटो काढायला?" तेव्हा मी विषय बदलला. उत्तर द्यायचं तर त्या रात्रीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि त्या रात्रीबद्दल आपण तिघं कधी बोललोच नाही. आई, तू मात्र तेव्हापासून गोळ्यांचा डबा भरायचा सोडलास. दादाकडून भरून घेतेस, "मला बारीक अक्षर दिसत नाही" म्हणतेस. तुला दिसतं, आई. तुला वाटतं की तुझ्या हातून बाबांना काहीतरी चुकीचं गेलं.

तसं झालेलं नाही. काय झालं ते मला नीट सांगू दे, थोडं लांबेल.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तेलकट, जेमतेम चार नॅनोमीटर जाडीचा. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन, त्यातून जाऊ शकत नाहीत. त्यांना पाण्याचे रेणू घट्ट बिलगलेले असतात आणि ते पाणी सोडून तेलात शिरणं त्यांना जमत नाही. म्हणून पडद्यात आरपार प्रथिनं बसवलेली असतात. काही पंपासारखी राबतात: एका वेळी 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, दिवसरात्र, ऊर्जा खर्चून. काही नुसती दारं असतात, योग्य वेळी उघडणारी. ती आयन चॅनल.

पोटॅशियमच्या दारापाशी एक कोडं होतं. सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान असतो. मग मोठ्याला सोडणारं दार लहानाला कसं अडवतं? आणि अडवतं तेही किती, हजारो पोटॅशियम जातात तेव्हा एखादा सोडियम चुकून निसटतो. एवढी छाननी करूनही दार तुंबत नाही, सेकंदाला कोटीच्या घरात आयन पार होतात. 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी मातीतल्या एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची रचना क्ष-किरणांनी उलगडली तेव्हा उत्तर डोळ्यांना दिसलं.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तू आठवलीस. पावसात भिजून शाळेतून आले की तू दारातच माझा रेनकोट उतरवायचीस आणि अंगाला वारा लागायच्या आत टॉवेलात गुंडाळायचीस. रेनकोट निघणं आणि टॉवेल येणं यात एका श्वासाचंही अंतर नसायचं, मला थंडी कधी वाजलीच नाही. दाराच्या अरुंद भागात अगदी असंच होतं. तिथे प्रथिनाचे ऑक्सिजन अणू अशा बेताने रचलेले असतात की पोटॅशियमच्या अंगावरचं पाणी सुटताक्षणी ते त्याच जागी, तितक्याच अंतरावर त्याला वेढून घेतात. त्याला काही गमावल्यासारखं होतच नाही. सोडियम लहान, त्याला सगळ्या बाजूंनी ते ऑक्सिजन टेकत नाहीत. अंगावरचं पाणी सोडणं त्याला परवडत नाही, तो बाहेरच थांबतो.

मॅकिनन मुळात डॉक्टर होते, बाबा. पेशंट बघणं सोडून तिशीत प्रयोगशाळेत आले. 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पाण्याचं दार शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांच्यासोबत. मला नोबेल मिळेल असं मी म्हणत नाही. हे वळण घेणारी मी पहिली नाही, एवढंच सांगायचं आहे.

आता तुमच्या हृदयाकडे येते. प्रत्येक ठोक्याला आधी सोडियम आत शिरतं, मग कॅल्शियम, आणि शेवटी पोटॅशियम बाहेर जाऊन पेशी पुन्हा शांत होते. या शेवटच्या कामातलं एक महत्त्वाचं दार म्हणजे हर्ग नावाचं चॅनल. चार सारखे तुकडे एका वाटेभोवती उभे. त्याची रचना 2017 मध्ये मॅकिनन यांच्याच प्रयोगशाळेने अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली. आत एक पोकळी आहे, तिच्या बाजूंना अरुंद खोबणी आहेत, आणि भिंतीवर अमिनो आम्लांची चपटी कडी आहेत. औषधांचे रेणू नेमके तिथे जाऊन चिकटतात. एकमेकांशी काही संबंध नसलेली औषधं! अ‍ॅलर्जीची, उलटीची, मानसिक आजारांची, काही अँटिबायोटिक्स. टरफेनाडीन नावाची अ‍ॅलर्जीची गोळी याच कारणाने 1990 च्या दशकात बाजारातून काढावी लागली.

बाबांच्या पोटाच्या गोळीत डॉम्पेरिडोन होतं. ते या दाराला थोडं अडवतं. खोकल्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक, क्लॅरिथ्रोमायसिन, त्यालाच अडवतं, शिवाय यकृतात डॉम्पेरिडोनचा निचरा करणाऱ्या एन्झाइमलाही रोखतं, म्हणजे पहिल्याचं रक्तातलं प्रमाणही चढत गेलं. त्यात लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलेलं, आणि रक्तात पोटॅशियम कमी झालं की हे दार आणखीच आखडतं. हृदयाला शांत व्हायला वेळ लागू लागला. ईसीजीवर क्यूटीचं अंतर, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ, 540 मिलिसेकंद होतं, पुरुषांत ते 450 च्या आत असावं. तो कागद घडी घालून माझ्या पाकिटात आहे. काही सेकंद ठोका भरकटला आणि बाबा बाथरूमच्या दारात कोसळले.

दोन चिठ्ठ्या दोन ठिकाणच्या होत्या. त्या कुणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आई, तू चिठ्ठीवर होतं ते, होतं त्या वेळेला दिलंस. आणि मी? तू त्या दुपारी फोन करून विचारलं होतंस, "हे नवं अँटिबायोटिक देऊ ना गं?" मी राउंडवर होते. "दे की," म्हणाले आणि ठेवून दिला. बाकीच्या गोळ्या कोणत्या, हेही विचारलं नाही. हे तुम्हा दोघांना आज पहिल्यांदा सांगते आहे.

ती लाज घेऊन पळून चालले आहे असं मात्र समजू नका. नवं औषध या दाराला अडवतं का, याची तपासणी करावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन 2005 पासून आहे. पण रेणू चिकटतो एवढं कळणं वेगळं, आणि तो कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या अंगाने चिकटतो ते दिसणं वेगळं. ते दिसलं तर औषधाचा गुण राखून ते अंग बदलता येईल. मी तेच करणार आहे. प्रथिन आणि औषध एकत्र करून, थेंब इतक्या झटक्यात गोठवायचा की पाण्याला स्फटिक व्हायलाही वेळ मिळत नाही. मग लाखो अंधूक प्रतिमा एकावर एक जुळवत एक स्पष्ट आकार काढायचा. फार चिकाटीचं काम आहे. बाबा, तुमच्यासारखंच मला ते जमेल.

माझी काळजी करू नका. खोली प्रयोगशाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, खिडकीतून सकाळचं ऊन येतं. गरम पाणी चोवीस तास. खाण्याची आबाळ होणार नाही. रात्री एकटीने प्रवास करावा लागणार नाही, हे मी आधीच विचारून घेतलंय. पांघरूण तू दिलेलंच नेणार आहे.

आता ऐका, आणि यात सूट नाही. कुठल्याही डॉक्टरकडे जाल, अगदी दाताच्या, तरी सगळ्या गोळ्यांची यादी खिशात असलीच पाहिजे. यादी मी टाइप करून दोन प्रती ठेवल्या आहेत, एक बाबांच्या पाकिटात, एक फ्रीजवर. नवी गोळी आली की आधी मला फोटो, मग पहिला डोस. मी झोपले असेन तर उठवा. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी कळवा, पोटॅशियम तपासायला लागेल. बाबा, पायांच्या सुजेमुळे रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करायची नाही. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांमधलं कॅल्शियमचं दार अडवतं, त्या सैलावतात, आणि घोट्यापाशी पाणी झिरपतं. तीच सूज असण्याची शक्यता जास्त आहे, तरी तुमच्या डॉक्टरांना दाखवाच. डोस कमी करायचा की गोळी बदलायची ते त्यांना ठरवू द्या. चक्कर आली तर भिंत धरून उभं राहायचं नाही, तिथेच खाली बसायचं आणि आईला हाक मारायची. लाजायचं नाही.

फार हुकूम सोडले का? रागावू नका.

निघायच्या आधी चार दिवस घरी येते आहे. त्याच्या आधीच्या रविवारी, आई, डबा तू भर. दादाला नुसतं शेजारी बसव. भरून झाला की झाकण उघडं ठेवून मला फोटो पाठव.

तुमची,
मनू