बोरिंगवाल्या काकांना, जिप्सीवाल्या पोराकडून

काका नमस्कार, नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाय, पण सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांनी एकदा तरी इंजिनचा ब्लॉक बोरिंगला (सिलिंडर आतून मोठा कापायला) उतरवलाय त्यांना कळेलच कुणाबद्दल बोलतोय ते.

एप्रिलच्या भर उन्हात जिप्सीचं इंजिन बांधायचं म्हणून मी मोबाईल घेऊन तुमच्याकडे आलो होतो, ऑनलाइन कार्टमध्ये फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन आणि एच-बीम रॉडचा (पिस्टन क्रँकला जोडणारे जास्त भक्कम दांडे) सेट, फक्त पैसे भरायचे बाकी. तुम्ही स्क्रीनकडे बघितलंपण नाय. "टर्बो लावणार का बे?" नाय म्हणालो. "बोर मोजलास का?" तेपण नाय, सिलिंडरचा आतला व्यास मोजलाच नव्हता. "मग पिस्टन काय अंदाजपंचे मागवतोयस?"

खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. आधीच्या गॅरेजवाल्यानं ०.२५ एमएम ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा पिस्टन मागव, बसतंय म्हणून सांगितलेलं. तुम्ही बोर गेज घातला, वर-मधे-खाली, आडवं-उभं, चारी सिलिंडर, आणि तीन नंबरचा वरच्या रिंगपाशी एवढा झिजलेला निघाला की ०.२५ कापून तो साफच झाला नसता. ०.५० घ्यावं लागलं, म्हणजे ७४ चा बोर ७४.५ एमएम. मी लगेच हिशोब केला, १२९८ चं १३१६ सीसी, आणि तुम्ही हसलात, म्हणालात १८ सीसीसाठी पेढे वाटू नको.

फोर्ज्ड का नको हे तुम्ही सांगितलं तसं कुणीच सांगितलं नव्हतं. फोर्ज्डच्या २६१८ अलॉयमध्ये (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) सिलिकॉन कमी, मार खातो चांगला पण तापला की फुगतोपण जास्त, म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट) जास्त ठेवायला लागतो. कास्टला (ओतीव पिस्टनला) ०.०२ ते ०.०४ एमएम पुरतं, फोर्ज्डला दुप्पट, कधी त्याहून जास्त. मग रोज सकाळी थंड इंजिनात पिस्टन भिंतीवर खडखडणार आणि मी रोज तुम्हाला फोन करणार, हे तुमचं वाक्य! टर्बोचा बूस्ट असता तर गोष्ट वेगळी.

रॉडचं पण तसंच. मला वाटायचं रॉड स्फोटाच्या दणक्यानं तुटतो. तुम्ही म्हणालात स्फोट तर त्याला दाबतो, तुटतो तो ओढला जाताना, एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा, आणि ती ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते, ६००० चे ७५०० केले की दीडपटीच्या वर. मी ६५०० च्या पुढं जाणारच नव्हतो, मग कंपनीचेच रॉड क्रॅक तपासून, क्रँककडचं मोठं डोकं गोल करून, नवीन बोल्ट टाकून पुरले. रॉड बदलायचाच असला तर पिस्टनची पिन रॉडात घट्ट बसते का बुशात फिरते, आणि रॉड लांब असेल तर पिस्टनची पिन तेवढी वर सरकलेली आहे का, हे बघितल्याशिवाय काय मागवायचं नाय, हे वहीत लिहून ठेवलंय.

आणि तो सराफाचा काटा! चार पिस्टनमध्ये ३ ग्रॅमचा फरक निघाला, तुम्ही आतल्या बाजूनं घासून घासून एका ग्रॅमच्या आत आणले, तोवर मी बाहेर दोन चहा पिलो. पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांतला गॅप मात्र माझ्याकडनंच फाइल करून घेतलात, ०.३० एमएम, पहिली रिंग वाया घालवली तरी ओरडला नाय.

तीन दुपारी घालवल्या माझ्यासाठी आणि पैसे घेतले फक्त बोरिंग-होनिंगचे. माझे जे वाचले त्यात क्लच आणि रेडिएटर दोन्ही नवीन झाले.

परवा तुळजापूरला जाऊन आलो, घाटात तिसऱ्यावर आरामात चढली, तेलपण खाल्लं नाय. ऑइल बदलायला येतोय, येताना शेंगा चटणी आणतो. सोबत एक मित्र आहे, त्याच्या पण कार्टमध्ये एच-बीम पडलेत. जरा ओरडा त्याला.