काकू, मांजराचा कान निघालाय

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी आतापर्यंत तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही "पाय कसा आहे रे तुझा?" असं विचारून विषय बदललात. पाय १९९५ च्या एप्रिलमध्ये मोडला होता, काकू, आणि जूनमध्ये बराही झाला. म्हणून आता हे उघड पत्र. वाचून दाखवायला तुमची नात आहे. मध्येच चहाचं विचारून तिला थांबवू नका.

ज्यांना काकू माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. काकू डोंबिवलीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. सकाळच्या लोकलने दादर, तिथे गाडी बदलून अंधेरी. तिथल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत त्या सेल रंगवायच्या, म्हणजे कार्टूनची चित्रं ज्यावर असतात ते पारदर्शक प्लॅस्टिकचे ताव. चाळीत सगळे म्हणायचे, "त्या कार्टूनमध्ये आहेत." त्यामुळे आम्हा पोरांची समजूत अशी की उंदरा-मांजरांचे आवाज काकूच काढतात.

त्या वर्षी मी जिन्यावरून पडलो आणि उन्हाळ्याची अख्खी सुट्टी प्लॅस्टरमध्ये गेली. आई-बाबा दोघं नोकरीला. तुम्ही म्हणालात, दुपारी आजींजवळ आमच्याकडे बसू दे, केबल आहे. कार्टून नेटवर्क त्याच वर्षी भारतात आलं होतं. सगळं इंग्रजीत, मला एक अक्षर कळायचं नाही, आजींना त्याहून कमी. आम्ही दोघं नुसतं बघत बसायचो.

संध्याकाळी तुम्ही आलात की खरी मजा. एकदा मी विचारलं, एका गोष्टीला किती चित्रं लागतात? तुम्ही सांगितलं, सेकंदाला चोवीस फ्रेम, पण एक चित्र दोन-दोन फ्रेम चालवतात, म्हणजे बारा. बावीस मिनिटांची गोष्ट असेल तर कर हिशोब. मी स्केचपेनने प्लॅस्टरवरच गुणाकार केला. १५,८४०. आजी म्हणाल्या, "बाई गं."

"पण एवढी कोण काढतंय?" असं म्हणून तुम्ही टीव्हीकडे बोट दाखवलंत. योगी बेअर चालला होता. अंगावर कपडा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय. का? तर कॉलरपाशी मान तोडता येते. धड एका सेलवर तसंच ठेवायचं, डोकं तेवढं दुसऱ्या सेलवर बदलत राहायचं. जोड कॉलरखाली लपतो. योगीवाले हॅना आणि बार्बेरा आधी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत 'टॉम अँड जेरी' करायचे तेव्हा त्यांच्याकडे पैसा होता, वेळ होता. १९५७ मध्ये तो विभाग बंद झाला आणि ते टीव्हीकडे वळले. टीव्हीला चित्रं परवडत नव्हती, म्हणून अस्वलाला टाय आला. तुम्ही हे शंभरदा ऐकलेलं असणार. मला मात्र तेव्हा कुणीतरी जादूगाराची पेटी मागून उघडून दाखवल्यासारखं झालं, आणि गंमत म्हणजे जादू कमी झाली नाही. आजही पडद्यावर कुणी कॉलर घालून आलं की मी आधी त्याच्या मानेकडे बघतो. बायको वैतागते.

मग तुम्ही ती सेल आणलीत. बाद झालेली, कोपऱ्याला चरा गेलेली. लाल पट्ट्याचं एक मांजर. पुढून बघितलं तर गुळगुळीत, रेघ कशी सुरीने कापल्यासारखी. उलटी केली तर रंगाचे नुसते थापे, रेघेबाहेर गेलेले, एकावर एक चढलेले. मी म्हणालो, "काकू, हे तर घाण झालंय." तुम्ही हसलात. रंग मागूनच भरतात, रेघ पुढच्या बाजूला असते, त्यामुळे मागचा पसारा बघणाऱ्याला दिसत नाही. तुमचे ते पांढरे सुती हातमोजेही त्याच दिवशी बघितले. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची टोकं कापलेली, ब्रश धरता यावा म्हणून. बाकी हात झाकलेला, कारण घाम लागला की सेल गेली.

आणि लाल रंगाची गोष्ट. सेल दिसते पारदर्शक, पण पूर्ण नसते. तीन सेल एकावर एक ठेवल्या की तळच्या सेलवरचा रंग किंचित मंदावतो. म्हणून तळच्या थराचा लाल वेगळा, मधला वेगळा, वरचा वेगळा. मांजर खालच्या थरातून वर आलं तर पट्ट्याचा लाल बदलायचा, म्हणजे तो पडद्यावर बदललेला दिसणार नाही. फरक दिसू नये म्हणून फरक करायचा. दिवसभर हे करून दोन गाड्या बदलून घरी येणारी बाई संध्याकाळी एका लंगड्या पोराला हे समजावत बसायची. मला शाळेत कुणी इतक्या निवांतपणे काही शिकवलेलं आठवत नाही.

तुम्ही सांगायचात की तुमचे सर पेडर रोडला, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात तयार झालेले. मी मोठा झाल्यावर शोधलं. १९५६ मध्ये तिथे शिकवायला क्लेअर वीक्स आले होते. जन्म भारतातला, नोकरी डिस्नेत, 'बाम्बी'वर काम केलेलं. भारतीय ॲनिमेशनमधलं मोठं नाव, राम मोहन, त्याच वर्गातले. म्हणजे 'बाम्बी'चा धडा पेडर रोडमार्गे डोंबिवलीच्या चाळीत पोचला, आणि माझ्या प्लॅस्टरवर उतरला.

पुढे मला जपानी ॲनिमेशनचं वेड लागलं, त्याला जबाबदार तुम्हीच. लोक घिबली स्टुडिओचे दिग्दर्शक मियाझाकी यांचं नाव घेतात. मी मिचियो यासुदांचं घेतो. १९५८ मध्ये तोएई या ॲनिमेशन स्टुडिओत रुजू झालेली ही बाई पुढे घिबलीच्या रंगांची सगळी जबाबदारी सांभाळायची. समुद्राचा निळा, गवताचा हिरवा, कुणाच्या गालाची लाली, सगळं तिच्या हाताखालून जायचं. आणि क्योटो ॲनिमेशन? तो स्टुडिओ १९८१ मध्ये कसा सुरू झाला माहितेय? योको हात्ता नावाची, आधी टोकियोत सेल रंगवणारी बाई लग्न होऊन क्योटोजवळ आली आणि शेजारच्या गृहिणींना घेऊन दुसऱ्यांच्या सेल रंगवायला लागली. हे वाचलं तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "आपल्या चाळीतही झालं असतं की, पण धूळ फार." २०१९ च्या जुलैमध्ये तो स्टुडिओ कुणीतरी पेटवून दिला. ३६ माणसं गेली. त्या आठवड्यात फोन तुम्ही मला केलात. फारसं काही बोललो नाही आपण.

तुमचं काम संगणकाने नेलं, त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत. चाळिशी उलटल्यावर माउस धरायला शिकलात. "पडद्यावरची रंगाची बादली उलटी केली की झालं, वास नाही, हात खराब नाहीत," एवढंच. स्टुडिओने शेवटच्या महिन्यांचे पैसे रखडवले तेही आजींकडून कळलं. तुम्ही रंगवलेल्या मालिकांच्या शेवटी तुमचं नाव कुठेही नाही. मी थांबवून थांबवून शोधलंय. एका जागी नुसतं 'इंक अँड पेंट', म्हणजे रेघा आणि रंग, आणि पुढे कंपनीचं नाव. तेव्हापासून मी नावं संपेपर्यंत थिएटरातून उठत नाही. झाडूवाले येऊन उभे राहतात, मुलगी हात ओढते, तरी.

ती सेल अजून माझ्याकडे आहे. आता तिला व्हिनेगरसारखा वास यायला लागलाय. ॲसिटेट, म्हणजे सेलचं प्लॅस्टिक, जुनं झालं की असं होतं म्हणे. कपाटातून काढून हवेशीर जागी ठेवलीय. गेल्या आठवड्यात मांजराच्या डाव्या कानाचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. तो तुकडा मी डबीत ठेवलाय, फेकलेला नाही. चिकटवायचा का तसाच राहू द्यायचा, ते तेवढं सांगा. पाय ठीक आहे.

तुमचा,
शेजारच्या खोलीतला प्लॅस्टरवाला