जस्ती पत्र्याची भट्टी नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मंद धुरावर मांस शिजवण्याची लाकडी जाळाची भट्टी मी गेल्या हिवाळ्यात इंदुरात घरीच बनवली आणि स्वस्त पडतो म्हणून जस्ती पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा) वापरला. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर नाकातोंडात गेला नि त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला. (सौभाग्यवतींनी खापर हौसेवर फोडले, पत्र्यावर नव्हे!) मांसाच्या कप्प्यात जेमतेम ११० अंश सेल्सिअस उष्णता लागत असली, तरी जाळाच्या पेटीत ती जस्त वितळण्याच्या ४२० अंशांपलीकडे सहज जाते, म्हणून मुलामा नसलेला साधा, ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्राच घ्यावा, आणि दुकानदारांनीही गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय जस्ती पत्रा कापून देऊ नये.

आपला,
एक वाचक, इंदूर