पाटल्या तुझ्याच कपाटात आहेत

ओंकारेश्वर, रात्र

ती. आई, ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा मी नर्मदामैयाच्या परिक्रमेला दक्षिण तटाने चालू लागले असेन. समोर बसून सांगायला हवं होतं. पण आईचे डोळे भरले असते, बाबा काही न बोलता झाडांना पाणी घालायला गेले असते, आणि माझं पाऊल निघालं नसतं. रागावू नका.

फ्लॅटमधलं सगळं देऊन टाकलं. फ्रीज, मशीन, यांची पुस्तकंसुद्धा. तीन वर्षं ती मी नुसती पुसत होते, आता कुणीतरी वाचेल. आई, तुझ्या पाटल्या मात्र कुणाला दिल्या नाहीत. तुझ्याच कपाटात, जांभळ्या शालूच्या घडीत आहेत. तू दिलेलं परत केलं असं मनात आणू नकोस गं. वाटेत त्यांची काळजी वाहिली असती, म्हणून ठेवल्या.

जवळ दोन जोड कपडे, कांबळं, ताटली-पेला आणि संकल्पाच्या वेळी भरलेली मैयाची छोटी बाटली. बाबा, खाण्याची चिंता करू नका. काठाने सदाव्रत मिळतं, पीठ-डाळ-तांदूळ. आश्रमात पाठ टेकायला जागा असते. 'नर्मदे हर' म्हटलं की कुणीतरी हाक मारून चहा देतं. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना अंगावरच्या कपड्यांनिशी लुटत, असं आजी सांगायची. ते दिवस गेले. आणि फोन आहे जवळ, फक्त तुमच्यासाठी.

इंदूरहून मीटरगेजच्या गाडीनं पातालपाणीचा धबधबा बघत इथे यायचो, आठवतं? घाटावर माझी नवी सँडल वाहून गेली नि मी केवढी रडले! बाबा, तुम्ही मला खांद्यावर घेऊन साऱ्या पायऱ्या चढलात. म्हणालात, "मैयाला आवडली असेल, राहू दे तिच्याकडे." आज त्याच पायऱ्यांवर बसले होते. किती वेळ, कळलंच नाही.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, पोह्यांवर शेव घालून झाल्यावर नव्हे. गराडूच्या कंदाचा मोसम आहे, पण रात्री सराफ्यात तळलेलं खायला जायचं नाही म्हणजे नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, लागेल ते दादा काढून देईल, तो दर रविवारी रामबागेत येणार आहे. पोळ्यांच्या मावशींना चैत्रापर्यंतचे पैसे दिलेत. त्यांच्याशी हिशेबावरून बोलू नकोस. गरम पाण्याची पिशवी नवी आणलीय, पलंगाखालच्या खोक्यात आहे.

चातुर्मासाच्या आत परत येते. त्याआधी, समुद्रावरून नावेनं पलीकडे जाऊन उत्तर तटाने येताना संक्रांतीच्या सुमारास महेश्वर लागेल, मग जलूद. आपल्या नळाला नर्मदा येते ती तिथूनच. काठावर पोचले की फोन करीन. आई, तेव्हा नळ सोड आणि पाण्यात हात धर. मीही धरीन.

तुमची,
बेबी